पडला नव्हे, टाकला

"बॉम्ब काय आंबा हाय व्हय गं, पडायला?"

सरांनी मला उभं करून हे विचारलं तेव्हा मी नववीत होते. व्याकरणाचा तास होता. फळ्यावर त्यांनी लिहिलं होतं, 'हिरोशिमावर बॉम्ब पडला', आणि मला कर्ता ओळखायला सांगितला होता. मी म्हटलं, "बॉम्ब." पुस्तकाप्रमाणं उत्तर बरोबरच होतं. सरांनाही ते मान्य होतं. "परीक्षेत हेच लिही, मार्क मिळतील," ते म्हणाले. "आता मला खरं सांग. वारं सुटलं आणि देठापासून तुटून पडला काय त्यो?"

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी 'पडला' पुसून 'टाकला' लिहिलं आणि वाक्याच्या सुरुवातीला खडूनं एक लांब रेघ ओढली.

"हितं नाव घाल."

"अमेरिकेनं."

"अमेरिका विमानात बसलती?"

"विमानातल्या माणसांनी, सर."

"त्यास्नी कुणी सांगितलं? ज्यानं सांगितलं त्याला कुणी निवडून दिलं? आणि ज्यानं बनवला त्यो?"

घंटा झाली तरी रेघ रिकामीच होती. दुसऱ्या तासाच्या मास्तरांनी येऊन ती पुसली.

शाळेत त्यांचं नाव 'कर्ता कोण' असं पडलं होतं. पडलं नव्हतं, आम्हीच ठेवलं होतं. सर असते तर हे वाक्यही त्यांनी मला दुरुस्त करायला लावलं असतं. आता ते नाहीत.

मूळचे ते बेळगुंदीचे, शेतकरी घरातले. नोकरी बेळगावात मराठी शाळेत केली आणि निवृत्तीनंतर खासबागेत दोन खोल्यांच्या घरात एकटेच राहिले. उंच, खांद्यात थोडे वाकलेले, बाराही महिने काखेत काळी छत्री. सकाळी ते वाचनालयात जात, आणि त्यांच्या हाताखालून गेलेलं वर्तमानपत्र नंतर कुणालाही धड वाचता येत नसे. 'शहर उद्ध्वस्त झाले' याच्या शेजारी लाल अक्षरात, 'कुणी केले?' 'चकमकीत वीस ठार झाले' याच्या शेजारी, 'आपोआप?' ग्रंथपालानं शेवटी युद्धाच्या बातम्यांचं पान दुपारपर्यंत टेबलाच्या खणात ठेवायला सुरुवात केली. सरांना ते कळलं. ते म्हणाले, "चांगलं हाय. दुपारपतुर तेवढीच शांतता नांदंल."

एकदा सलूनमध्ये अर्धी दाढी झालेली असताना टीव्हीवर कुठल्याशा शहरावर क्षेपणास्त्रं कोसळल्याची बातमी लागली. सर फेसासकट उठले. "कोसळायला ती काय भिंत हाय?" वस्तरा हातात धरून न्हावी मागं सरकला. शेजारच्या खुर्चीत बसलेले कानडी बँकवाले हसायला लागले, तेव्हा सर त्यांच्याकडं वळून म्हणाले, "यारु माडिद्रु? सांगा की वो. कुणी केलं?" बँकवाल्यांचं हसू ओसरलं. आमच्या भागात हा प्रश्न दोन्ही भाषांत सारखाच अडचणीचा आहे.

सीमेच्या वादातही ते कुणाला सोपं जाऊ देत नसत. कुणी 'कर्नाटकानं असं केलं' किंवा 'महाराष्ट्रानं वाऱ्यावर सोडलं' म्हणालं की सर विचारत, "राज्याला हातपाय असत्यात? कुठल्या टेबलावर कोण बसलाता, कुणी सही केली, ते बोल." दोन्ही बाजूंचे कार्यकर्ते त्यांना टाळत. लग्नाच्या मांडवात त्यांच्या शेजारची खुर्ची बऱ्याचदा रिकामी असायची.

आणखी एक तऱ्हा होती. मटणाचा वास त्यांना चालत नसे. नुसतं खायला नको असं नाही, वासच नको. मराठ्याच्या घरातला माणूस, गळ्यात माळ नाही, कसलं व्रत नाही. पण रविवारी शेजारी फोडणी पडली की सर छत्री घेऊन घराबाहेर पडत आणि संध्याकाळशिवाय परतत नसत. बेळगुंदीच्या यात्रेला भावकीनं कितीदा बोलावलं तरी त्या दिवशी ते गावात पाऊल टाकत नसत. लोक म्हणत, म्हातारा सरकलाय. मीही तसंच समजत होते.

पण तो नववीतला बॉम्ब मला सुटला नव्हता. त्या तासाच्या दुसऱ्या दिवशी सर वर्गात आले आणि पुस्तक न उघडता म्हणाले, "बॉम्ब टाकला ते बरोबर झालं."

आम्ही गार पडलो. पावसाळ्यात पायरीवर आलेली गोगलगायसुद्धा हा माणूस कागदावर घेऊन कुंपणात सोडायचा.

"माझा बाप ब्रिटिशांच्या फौजेत होता," सर म्हणाले. "सिंगापूर पडलं तवा..." ते थांबले. "सिंगापूरच्या साहेबांनी शरणागती पत्करली तवा तो जपानी सैनिकांच्या कैदेत सापडला. त्यास्नी एका बेटावर नेलं. साडेतीन वर्षं. बॉम्ब टाकला, लढाई थांबली, बाप घरी आला. त्यानंतर मी जन्मलो. तवा तुमच्यापुढं जो उभा हाय, तो त्या बॉम्बचा पुरावा हाय."

त्या दिवशी कुणी डबा नीट खाल्ला नाही. आणि तिसऱ्या दिवशी सर पुन्हा आले, तसेच उभे राहिले, आणि म्हणाले, "बॉम्ब टाकला ते महापाप झालं. माझा काका बी फौजेत, लढाईनंतर जपानात पहाऱ्याला होता. आगगाडी त्या शहरातनं गेली. काका म्हणायचा, स्टेशन होतं आणि गाव न्हवतं. फलाटावर एक पोरगी पाणी विकत होती आणि तिला एका बाजूनं तोंड न्हवतं."

मागच्या बाकावरच्या एकानं विचारलं, "सर, मग खरं काय?"

"दोन्ही माझ्याच घरातलं हाय," सर म्हणाले. "घरापुढच्या एकाच सोप्यात बसून दोघं भाऊ भांडायचे. बाप म्हणायचा, तू माझं बेट बघितलं न्हाईस. काका म्हणायचा, तू माझं स्टेशन बघितलं न्हाईस. एकदा बापानं काकाच्या तोंडात मारली. आई मधी पडली. मधी पडली म्हणजे पडली न्हवं, आपणहून मधी शिरली." आम्ही हसावं की नाही ते कळलं नाही.

पुढं मी इंग्रजी घेऊन शिकले आणि बेळगावच्याच एका कॉलेजात शिकवायला लागले. तीन वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजात वक्तृत्व स्पर्धा ठेवली, विषय 'युद्धात दोषी कोण: देश की माणूस?' परीक्षक म्हणून मी सरांचं नाव सुचवलं. प्राचार्यांनी त्यांच्या परीनं प्रमुख पाहुण्या म्हणून एका बाईंना बोलावलं. उद्यमबागेच्या बाजूला एका कारखान्यात यंत्रं बसवून द्यायला जपानहून एक इंजिनिअर बाई आल्या होत्या. पस्तिशीच्या, केस बारीक कापलेल्या, बोलायला शांत. विषय हा, आणि पाहुण्या जपानी! मी प्राचार्यांना म्हटलं, जरा विचार करा. ते म्हणाले, "अहो मॅडम, फोटो चांगला येईल." बाईंना मराठी येत नव्हतं. त्यांच्या शेजारी बसून कानात इंग्रजीतून सांगायचं काम माझ्याकडं आलं.

मुलं तावातावानं बोलली. एकानं अमेरिकेला राक्षस ठरवलं. शेवटी आलेल्या मुलानं जपानलाच आरोपी म्हणून उभं केलं. त्यांनी काय काय केलं त्याची यादी वाचली आणि मूठ आपटून म्हणाला, "त्या देशाची तीच लायकी होती!" सभागृहात टाळ्या झाल्या. मी ते वाक्य बाईंना जरा मऊ करून सांगितलं. त्यांनी मान हलवली. टाळ्यांवरून त्यांना कळलंच असावं.

सर निकाल सांगायला उठले. बक्षिसाची ढाल टेबलावर होती, तिच्याकडं त्यांनी बघितलंही नाही.

"सगळ्यांनी देशालाच पिंजऱ्यात उभं केलासा," ते म्हणाले. "देश लई मोठा असतो, त्याला काय लागत न्हाय. हा शेवटचा पोरगा जे बोलला ते मी चाळीस वर्षं वर्गात बोललोय. एक दिवस तसं, एक दिवस उलटं. पण माझ्या बापाची गोष्ट मी कधी पुरी सांगितली न्हाय. आज सांगतो. हितं एक बाई बसल्यात, त्यांच्या माघारी बोलण्यापरास समोर बोललेलं बरं."

मी भाषांतर करत होते. बाई पुढं झुकून ऐकत होत्या.

"बेटावर माझ्या बापाचा एक दोस्त होता. निपाणीकडचा. गावाकडं असते तर दोघांची ओळख बी झाली नसती, तिथं एकाच डब्यात जेवायचे. शेवटच्या वर्षी जेवायला काय न्हवतंच. बेटाला जहाज येत न्हवतं. कैदी उपाशी आणि पहारेकरी बी उपाशी. झाडपाला खाल्ला, उंदीर खाल्ले. एक दिवस दुपारच्याला तिघं पहारेकरी आले. रांगेतनं त्या दोस्ताला उठवलं. बापाला वाटलं, कामाला नेतात. तो परत आला न्हाय."

सरांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला.

"संध्याकाळी त्यांच्या छपरातनं मटणाचा वास आला. त्या बेटावर बकरं न्हवतं. गुरं न्हवती. कुत्री कवाच संपलीती."

मी थांबले. सभागृहात कुणीतरी हुंदका दाबल्याचा आवाज आला. माझ्या डोळ्यांपुढं सर छत्री घेऊन खासबागेच्या रस्त्यानं निघालेले दिसले, शेजारी फोडणी पडलेली, आणि आम्ही सगळे मागून हसतोय.

बाईंनी माझ्या मनगटाला हात लावला. "तुम्ही थांबलात. ते काय म्हणाले?"

"ते... वडिलांविषयी बोलतायत."

"सगळं सांगा. प्लीज."

प्राचार्य लांबून मला मानेनं नको नको म्हणत होते. मी बाईंकडं बघितलं आणि सांगितलं. एकेक वाक्य, जसंच्या तसं. मटणाच्या वासापाशी आले तेव्हा त्यांनी डोळे मिटले.

सर म्हणाले, "बापानं हे एकदाच सांगितलं. काका 'लेकरं होती रं दादा त्या शहरात' म्हणाला, तवा. त्यानंतर दोघं भाऊ भांडले न्हाईत. बोललेच न्हाईत." आणि ते खाली बसले.

बाई उभ्या राहिल्या. त्या इतक्या हळू बोलल्या की माइक त्यांच्याजवळ धरावा लागला. मी मराठीतून सांगत गेले. "आम्हाला शाळेत बॉम्ब शिकवला. दर वर्षी शिकवला. हे शिकवलं नाही. मला काय म्हणायचं ते कळत नाही. माझ्या देशाच्या वतीनं बोलायला मी कोण?" मग त्या सरांकडं वळल्या. "तुमच्या वडिलांच्या मित्राचं नाव काय होतं?"

मी प्रश्न मराठीत सांगितला. सरांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

आयुष्यभर ज्या माणसानं प्रत्येकाला 'नाव सांग' म्हणून हैराण केलं, तो माणूस व्यासपीठावर तोंड उघडून मिटत होता.

"न्हाय म्हाईत," शेवटी ते म्हणाले. "बाप नुसतं 'निपाणीकडचा' म्हणायचा. मी विचारलंच न्हाय. ज्यांनी मारलं त्यांची नावं विचारली बापाला. ज्याला मारलं त्याचं विचारलं न्हाय." मग ते पुटपुटले, "त्याच्या पोरीचं नाव म्हाईत हाय. रंगू. तो म्हणायचा, पोरीचं नाव रंगू ठिवलं आणि सरकारनं मला रंगूनला न धाडता सिंगापूरला धाडलं. बाप ह्येच्यावर हसायचा."

ढाल कुणालाच दिली गेली नाही. म्हणजे सरांनी दिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सर माझ्या दारात. रात्रभर डोळा लागला नसावा. "त्या बाईनं विचारलं ते मला सुचलं न्हाय गं," ते म्हणाले. "ती पोरगी असंल काय जिती?"

मी मोबाइलवर चार ओळी लिहून ओळखीच्या सगळ्या गटांवर टाकल्या. माजी सैनिकांच्या, शिक्षकांच्या, निपाणी-चिकोडीच्या बाजूच्या. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूरला गेलेले, परत न आलेले, घरी लहान मुलगी, नाव रंगू. सर रोज येऊन विचारायचे. दरम्यान ते एकटेच एसटीनं निपाणीजवळच्या खेड्यांतून हिंडून आले. चावडीवर, देवळात, तंबाखूच्या वखारीत जाऊन विचारायचे. एका ठिकाणी लोकांना वाटलं, जमिनीच्या वारसाचं काहीतरी प्रकरण आहे, आणि त्यांना हाकलून दिलं.

मग एका दुपारी फोन आला. निपाणीतल्या एका तरुण डॉक्टरचा. "माझ्या आजीचं नाव रंगू. तिचे वडील सिंगापूरला गेले होते. आजी अजून आहे. काय काम आहे?" त्यानं स्वतःचं नाव-आडनाव सांगितलं. फोन स्पीकरवर होता. आडनाव ऐकलं आणि सर एकदम खुर्चीत मागं टेकले.

निपाणीला जाताना बसमध्ये ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. संकेश्वर मागं पडल्यावर म्हणाले, "बापाला नाव म्हाईत असणार. एका डब्यात जेवलेल्या माणसाचं नाव म्हाईत नसतंय व्हय? पण नाव सांगितलं असतं तर आडनाव आलं असतं. आडनावावरनं घरात कळलं असतं, कुणाच्या डब्यात जेवला ते. आणि जावं लागलं असतं. महारवाड्यात जाऊन त्याच्या बायकोपुढं बसावं लागलं असतं." त्यांनी छत्री दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. "दीड तासाचा रस्ता हाय गं. परत आल्यावर बाप तीस वर्षं जगला. एकदा बी गेला न्हाय. आणि आम्ही सोप्यात बसून जपान आणि अमेरिकेचा न्याय करत होतो."

या माणसाला मी इतकी वर्षं ओळखत होते आणि त्यांच्या सोप्याचा हा कोपरा त्यांनाही आत्ताच दिसला होता. शेवटी मी एवढंच म्हटलं, "सर, त्या आजींना सगळं सांगू नका. ऐंशीच्या पुढच्या आहेत. तापानं गेले म्हणा."

"व्हय," सर म्हणाले. "तसंच म्हणतो."

मी पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिले आणि ते मान हलवत राहिले.

डॉक्टरांचं घर नवं, दुमजली. खाली दवाखाना. वरच्या खोलीत भिंतीवर बुद्धाची मोठी तसबीर आणि तिच्याखाली पलंगावर रंगूआक्का ताठ बसलेल्या. पांढरं लुगडं, नजर तेज. सून पाणी घेऊन आली. सर पाणी प्यायले, ग्लास खाली ठेवला, आणि पहिला प्रश्न त्यांनीच विचारला.

"आक्का, तुमच्या वडलांचं नाव काय?"

"केरबा."

"केरबा," सर म्हणाले. परत एकदा म्हणाले, "केरबा." मग म्हणाले, "माझा बाप तुमच्या बापाच्या डब्यात जेवला. तिथं, बेटावर. तुमच्याकडं यायला आमाला उशीर झाला."

"लईच झाला," आक्का म्हणाल्या. "आई जाऊन बी जमाना झाला. कसा गेला माझा बा?"

मी सरांकडं बघितलं. सरांनी माझ्याकडं बघितलं नाही.

त्यांनी सगळं सांगितलं. केरबा बेटावर रंगूचं नाव घ्यायचा ते, मग तीन पहारेकरी, रांग, दुपार, छपरातला वास. काहीही मऊ न करता. डॉक्टर "अहो, अहो" म्हणत उठलेच. सुनेनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, आता म्हातारी कोसळणार आणि हे आपल्यामुळं झालं.

रंगूआक्कांनी डॉक्टरांना हातानं खाली बसायची खूण केली. मग म्हणाल्या, "लई उपाशी हुती व्हय ती माणसं?"

"व्हय. लई उपाशी होती."

"हूं." त्यांनी लुगड्याच्या काठावरून हात फिरवला. "म्हंजे त्यो पळाला न्हवता."

"म्हणजे?" सरांनी विचारलं.

"लढाई संपल्यावर गावातला एक जण परत आला, त्यानं उठवलं. केरब्यानं सिंगापुरात दुसरी बाई केली, दुकान घातलं, मजेत हाय. गावानं खरं मानलं. आई माझी वखारीत तंबाखू झाडायला जायची, तर बायका तोंडावर म्हणायच्या, नवऱ्यानं टाकलेली. आई मरंपतुर कुकू लावत हुती, त्याला बी हसायच्या. माझं लगीन दोन ठिकाणी मोडलं, हिचा बाप पळपुटा म्हणून. शेवटी ह्याच गावात दिली मला. मी सुदिक शिव्या दिल्या त्याला. दर सणाला दिल्या." त्या थांबल्या. "आन त्यो तर कवाच मेलाता."

सरांनी हात जोडले.

आक्का सुनेला म्हणाल्या, "जा गं, खालच्या आळीतल्या बायकास्नी बोलाव. म्हाताऱ्या असत्याल त्या सगळ्या बोलाव. त्यांची पोरं बी येऊ देत."

डॉक्टर म्हणाले, "आजी, असलं सगळ्यांना कशाला सांगायचं? लोक काय म्हणतील?"

"माझ्या आईला सगळ्यांपुढं बोललीती," आक्का म्हणाल्या. "मग हे बी सगळ्यांपुढंच व्हऊ दे."

दहा-पंधरा माणसं जमली. काही जिन्यात उभी राहिली. सर भिंतीला हात टेकून उठले आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. ह्या वेळी 'निपाणीकडचा' म्हणाले नाहीत, प्रत्येक वाक्यात केरबा म्हणाले. केरबा रांगेत उभा होता. केरब्याला तिघांनी नेलं. संपलं तेव्हा एक वाकलेली म्हातारी पुढं आली. तिनं रंगूआक्कांचे पाय धरायला हात पुढं केले. आक्कांनी ते हात वरच्यावर धरले. "तू न्हवतीस बोललेली. तुझी सासू हुती. बस, चा घे."

माणसं पांगली. आम्ही निघायला उठलो. सर जिन्यापर्यंत गेले होते, तेवढ्यात आक्कांनी विचारलं, "माझं नाव घ्यायचा म्हणालासा तुमी. खरंच घ्यायचा काय?"

"रोज घ्यायचा. बाप सांगायचा आमाला. झोपताना त्यो तुम्हाला हाक मारायचा, आणि मग सगळे हसायचे."

"कशी मारायचा?"

सर जिन्याचा कठडा धरून उभे राहिले. मग त्यांनी मान किंचित वर केली आणि त्यांच्या वडलांनी ऐकवली असेल तशी, लांबवर कुणालातरी बोलवावं तशी हाक मारली. "रंगूऽऽ!"

"ओ," रंगूआक्का म्हणाल्या.